बोट धुऊन मगच टोचा

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 40 च्या वर जातो आणि रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी खिडकीत तशीच तापत पडलेली असते. बहुतेक पट्ट्यांना 30 अंशांपर्यंतचीच उष्णता चालते. पुढे आकडा चुकू शकतो. डबी घट्ट लावून थंड, कोरड्या जागी ठेवा. आंबा चिरलेलं बोट न धुता टोचलं, तरी साखर फुगून दिसते.

विडी वळणाऱ्या मायबहिणींनो, तुम्हाला मुद्दाम सांगते. अंगात लोह कमी असेल, तर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या. आकडा पटला नाही, तर मधुमेहाची गोळी मनानं वाढवू नका, बंदही करू नका. डॉक्टरांना विचारून शिरेतलं रक्त पुन्हा तपासा.