ज्ञानाला कुलूप कोणासाठी?



अध्यक्षाने गोड बोलावे, आभार मानावेत आणि खाली बसावे, ही आपल्या संमेलनांची रीत. आज ती मी मोडणार आहे.

याच भंडाऱ्याचा नीळभट्ट भांडारेकार तेराव्या शतकात घरदार सोडून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या मागे गेला. स्वामी मराठीतून बोलत, बायाबापड्यांनाही शिष्य करून घेत. पुढे त्यांचा अनुयायी म्हाइंभट गावोगाव फिरला, स्वामींना पाहिलेल्या माणसांना भेटला, एकेक आठवण पारखून घेतली आणि ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ माणसांत हिंडून झाला, हे विसरू नका.

आणि पुढे काय झाले? त्याच परंपरेचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर! बाहेरच्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला अर्थ लागू नये, ही व्यवस्था. शतकानुशतके मराठी माणूस आपल्याच वाङ्मयाला पारखा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी सकळ लिपी उलगडून दाखवली, काही महंतांनीही मन मोठे केले, तेव्हा कुठे ती दारे उघडली.

मी मठांना दोष देत नाही. टवाळी आणि छळाची त्यांना खरीच भीती होती. माझा सवाल आजच्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना आहे: तुम्हाला कसली भीती आहे?

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झाले, प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल 1972 साली निघाला. काम मोलाचे, पण अहवाल इंग्रजीत! पवनीतल्या किती शाळकरी पोरांनी तो हातात धरला आहे? आपल्या टेकडीच्या पोटात काय होते, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगायचे?

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत शहरातून आलेले संशोधक मी पाहिले आहेत. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया गात होत्या, धुऱ्यावर उभे राहून हे संशोधक ती गाणी टिपून घेत होते. प्रबंध झाला, पदवी मिळाली. गावात एक प्रत आली नाही. तलावांचेही तेच. इथल्या कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले. पाळ कुठे घालायची, पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचे, हे शास्त्र त्यांच्या घराघरांत होते. त्यांना आपण ‘माहिती देणारे’ म्हणतो आणि ती टिपून घेणाऱ्याला ‘विद्वान’. हा उर्मटपणा आहे!

काही विद्वान म्हणतील, 5 जानेवारी 2004 आठवा, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला होता, म्हणून दारे बंदच बरी. त्या हल्ल्याचा मी निःसंदिग्ध निषेध करतो. दुर्मीळ पोथ्यांना पहारा हवाच. पण पोथीला पहारा देणे वेगळे आणि ज्ञानाला कुलूप घालणे वेगळे. जी पोथी आपली वाटते, तिच्यासाठी माणूस आडवा पडतो. जी संस्था कधी आपली वाटलीच नाही, तिच्याविरुद्ध त्याला कोणीही भडकवू शकतो. भिंत कितीही उंच करा, लोक बाजूने नसतील तर ती टिकणार नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहते आहे. आपण टाळ्या वाजवल्या. आता हिशेब मागा! ज्या गावावर प्रबंध, त्या गावाच्या वाचनालयात त्याची मराठी प्रत. ज्या भूमीत उत्खनन, तिथे त्याचे मराठी पुस्तक आणि तिथेच वस्तुसंग्रहालय. ज्यांनी गाणी दिली, ज्ञान दिले, त्यांची मान्यता असेल तर पहिल्या पानावर त्यांची नावे.

हे तीन ठराव मी आज खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी कुजबुजू नये. याच व्यासपीठावर यावे आणि भंडाऱ्याच्या माणसांसमोर आपली कारणे सांगावीत.