सवलतीची आज्ञावली आणि परवान्याची अट

(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



वस्तू विकत घेतली की ती आपली झाली, हा व्यवहाराचा जुना नियम. थोरल्या भावाची कंपासपेटी धाकट्याने वापरली, पुढे ती भाच्याकडे गेली, तर दुकानदार आडवा येत नाही. संगणकाच्या आज्ञावलीला, म्हणजे सॉफ्टवेअरला, हा नियम सहसा लागू पडत नाही. तेथे पैसे मोजून मिळतो तो केवळ वापराचा परवाना, आणि तोही अटींसह. 'मान्य आहे' या चौकटीवर कळ दाबली की करार झाला. तो वाचतो कोण?

शैक्षणिक सवलतीत या अटी अधिकच कडक असतात. 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस होम अँड स्टुडंट २००७' ही आवृत्ती घरातील तीन संगणकांवर बसविता येत असे. मात्र व्यवसायासाठी तर नाहीच, ना-नफा संस्थेच्या कामासाठीही ती वापरण्यास मनाई होती. मुलाने तिच्यावर निबंध लिहावा. वडिलांनी दुकानाचे बिल वा सेवासंस्थेचा अहवाल लिहिला की करारभंग! 'ऑटोकॅड'च्या विद्यार्थी आवृत्तीतील आराखड्यांवर पूर्वी शैक्षणिक वापराचा शिक्का छापून येत असे. तो आराखडा दुसऱ्यात मिसळला, तर त्यावरही शिक्का उमटे.

यात कंपन्यांचा पक्ष अगदीच खोटा नाही. विद्यार्थ्यासाठी कमी केलेल्या किमतीत कुणी कार्यालय चालवू लागला, तर तो अन्यायच होय. चोरट्या प्रतीबाबत कायदाही कठोर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. परंतु कायद्याच्याही आधी आपल्याकडे 'अस्तेय' हे व्रत सांगितले आहे. समाजकार्याचे पत्रक चोरीच्या आज्ञावलीवर तयार व्हावे, हे कार्यकर्त्याला शोभणारे नाही.

तथापि, सवलत म्हणजे दान नव्हे, हेही ओळखले पाहिजे. विद्यार्थिदशेत हाताला एका विशिष्ट आज्ञावलीची सवय लागते. पदवी मिळताच सवलत संपते, सवय मात्र उरते. नवा व्यवसाय मांडणाऱ्या तरुणापुढे मग पूर्ण किंमत मोजणे किंवा चोरी करणे, असे दोनच मार्ग दिसू लागतात.

तिसरा मार्ग आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त आज्ञावलींची चळवळ उभी राहिली. त्यांनाही परवाना असतो. पण तो वापरण्याची, अभ्यासण्याची, सुधारण्याची आणि वाटण्याची मोकळीक देतो. शाळेत शिकलेली 'लिबर ऑफिस' दुकानातही निर्धास्त वापरता येते. केरळातील शाळांनी हा मार्ग धरला आणि सत्ता कोणत्याही आघाडीची असो, तो सोडला नाही. विचारभेद असला तरी चांगले ते घ्यावे. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्प आणि मराठीतही उपलब्ध असलेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे तर आपल्या अंगणातलेच काम. 'सी-डॅक'ने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही प्रणालीही याच वाटेवरची.

अडचणी नाहीत असे नाही. उद्योग जी आज्ञावली मागतो ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शिकावीच लागेल. तेथे सवलत अवश्य घ्यावी, पण अटी पाळून. इतरत्र खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत: ही कोणत्या कामासाठी वापरता येईल? शिक्षण संपल्यावर परवान्याचे काय? आणि आज साठविलेले काम उद्या दुसऱ्या आज्ञावलीत उघडेल काय?

चरख्याच्या काळी स्वदेशीचा प्रश्न कापडाचा होता. आज तो ज्ञानाच्या साधनांचाही आहे. आपल्या शाळेतील संगणकांवर काय बसविले आहे आणि कोणत्या परवान्याने, याची एक यादी करण्यापासून आरंभ करता येईल.