लॅब आणायचा की कारवानी?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत माण तालुक्यातील एका पशुसखीने केलेले भाषण)



दर वेळी मी शेळीच्या लसीवर नाहीतर जंताच्या औषधावर बोलते. आज कुत्र्यावर बोलणार आहे. हसू नका. गेल्या महिन्यात आमच्या गटात अंतर्गत कर्जाचा एक अर्ज आला. कारण लिहिलं होतं, "कुत्र्याचं पिल्लू". रक्कम 12,000 रुपये.

अर्ज करणारी ताई गावापासून लांब वस्तीवर राहते. मालक पुण्याला कामाला. रात्री घरात ती, सासूबाई आणि दोन पोरं. गोठ्यात सहा शेळ्या होत्या, पावसाळ्यात एक चोरीला गेली. तेव्हापासून तिला झोप नाही. पोरगा मोबाईलवर फोटो दाखवून म्हणतो, लॅब आण. दीर म्हणतो, कारवानी आण. तिनं मला विचारलं, "ताई, कुठलं घेऊ?"

मी दोन्ही पाळलेत, आणि दोन्ही वेळा चुकले. म्हणून सांगते.

पहिल्यांदा लॅब. माझ्या मुलानं शहरातून आणला. लॅब्राडोर हे मूळचं कॅनडाकडच्या थंड समुद्रावरचं कुत्रं. कोळ्यांची जाळी, सुटलेले मासे पाण्यातून ओढून आणायचं त्याचं काम. म्हणून त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. स्वभावानं इतका गरीब की लहान पोरानं कान ओढले तरी बहुतेक वेळा सोसतो. पण माणूस दिसला की त्याला आनंदच होतो, मग तो माणूस कुणीही असो. आमच्याकडं रात्री चोर आले. सकाळी बघते तर दोन शेळ्या नाहीत, आणि लॅबपुढं बिस्किटाचा पुडा फाडून टाकलेला! त्याचा काय दोष? राखण करणं हा त्याचा पिंडच नव्हे.

पुढं मे महिन्यात तो दुपारी धापा टाकत खाली पडला. सावलीत नेलं, पोटावर, पायांवर पाणी मारलं, डॉक्टरांना बोलावलं, म्हणून वाचला. आपल्या माणदेशातल्या उन्हात त्याला सावली, हवा आणि भरपूर पाणी लागतंच. शिवाय तो खादाड. पुढं ठेवाल तेवढं खातो, लठ्ठ होतो, मग कमरेची नि पायांची दुखणी लागतात. माझ्या वहीत त्याचा महिन्याचा खर्च सरासरी 1,900 रुपये निघाला. बायांनो, एवढा तर माझा कर्जाचा हप्ता होता.

दुसऱ्यांदा कारवानी. हे आपल्या दख्खनचं कुत्रं. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर, अंगावर आखूड केस. लांब केसांच्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे राजांनी याला नावारूपाला आणलं, म्हणून तिकडं मुधोळ हाउंड. 2005 साली टपाल खात्यानं त्याचं तिकीटसुद्धा काढलं. ऊन त्याला लॅबपेक्षा कितीतरी जास्त सोसतं, खाणं बेताचं. परका माणूस त्याला आवडत नाही, अंगाला हात लावू देत नाही. घरच्यांशी मात्र इमानी.

पण हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. समोर काही पळालं की हा मागं सुटतो, मग हाक ऐकत नाही. मी काय केलं? दिवसभर साखळीला बांधला आणि संध्याकाळी मोकळा सोडला. एके दिवशी त्यानं शेजारणीच्या सात कोंबड्या मारल्या. शेजारीण माझ्याच गटातली. 400 रुपयांप्रमाणे 2,800 रुपये मी बैठकीत मोजून दिले. पण ती दोन महिने माझ्या शेजारी बसली नाही. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

आणखी एक, पोरांना याच्यासोबत ससा धरायला पाठवू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

मग निवडायचं कसं? फोटो बघून नाही. चार प्रश्न विचारा.

एक, कुत्रा कशाला पाहिजे? पोरांना सोबत म्हणून की राखणीला?
दोन, जागा कशी आहे? लॅबला थंड सावली पाहिजे. कारवानीला पळायला कुंपणातली मोकळी जागा पाहिजे. सतत बांधलेला कारवानी चिडका होतो.
तीन, आजूबाजूला मोकळ्या कोंबड्या, लहान करडं आहेत का? असतील तर कारवानीचं पिल्लू लहानपणापासून त्यांच्यात वाढवा. तरी एकट्यावर सोडू नका.
चार, करणार कोण? हौस पोराची असते, पण भाकरी घालणं, घाण काढणं, दवाखान्यात नेणं आपल्याच अंगावर येतं. हे आधी घरात बोलून घ्या.

जात कुठलीही आणा, लस चुकवू नका. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस, पुढं दरवर्षी. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. कांदा घातलेलं कालवण त्याला घालू नका. आणि कुणाला कुत्रा चावला, नुसता ओरखडा निघाला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. रेबीज एकदा उठला की माणूस वाचत नाही.

आता त्या ताईचं काय झालं? आम्ही बैठकीत वही उघडून बसलो. लॅबचा महिन्याचा खर्च तिला झेपणारा नव्हता, आणि तिला पाहिजे होती राखण. तिच्या वस्तीला कुंपण आहे, दीर शेजारीच राहतो, फिरवायला तयार आहे. तिनं ओळखीच्या वस्तीवर जाऊन पिल्लाची आई बघितली आणि 3,000 रुपयांत कारवानी आणला. कर्ज मागितलं होतं 12,000, दिलं 7,000. उरलेल्या 4,000 मध्ये गोठ्याला लोखंडी दार, आतून कडी आणि सौर दिवा. कारण शेळी दारातून जाते. दार उघडं ठेवून कुत्र्यावर भरवसा टाकला तर कुठलीच जात पुरी पडत नाही.

पोरगा आठ दिवस रुसला होता. आता पिल्लू त्याच्याच पायाशी झोपतं. आणि ती ताई परवा मला म्हणाली, "रात्री डोळा लागतो आता."

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसून बाजूला सारू नका. चार प्रश्न विचारा, खर्च मांडा, मग सही करा.