गाडी आपल्या पायाला पुरते का?

(तुळजापूर येथील प्रभागसंघाच्या सभेतील मनोगत)



गटाच्या कर्जातून गाडी घ्यायचा विषय आता सभेत निघतोय. पशुसखी, बँकसखी यांना वाडी-वस्तीवर जायला एसटीच्या भरवशावर जमत नाही. पण कोणती गाडी घ्यायची, ते शोरूमवाल्यावर किंवा घरातल्या पोरांवर सोडू नका.

आधी गाडीवर बसून बघा. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? खडकाळ वाटेची म्हणून एक्सपल्स २०० दाखवतात. दिसायला भारी, पण सीट ८२५ मिलिमीटर उंच आणि वजन १५० किलोच्या वर. आडवी झाली तर नवशिकी बाई एकटी उचलणार कशी? स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर, वजन ११० किलोच्या आसपास.

मग चाक बघा. स्कूटीचं लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं चाक दगडावरून निघून जातं. गियर नको असेल तर एक्सएल १०० बघा. चाकं १६ इंची, वजन ९० किलोच्या आत. काळ्या रानात मात्र पावसाळ्यात कोणतीच गाडी घालू नका; चिखल मडगार्डात भरला की चाक फिरत नाही.

लायसन्स गियरच्या गाडीचंच काढा. बिनगियरच्या लायसन्सवर गियरची गाडी चालवता येत नाही.

आणि शेवटचं. हप्ता तुम्ही फेडणार, तर आरसी बुकावर नाव तुमचंच पाहिजे. सकाळी कामावर निघताना चावी कुणाला मागावी लागली, तर ती गाडी तुमची झालीच नाही.