चार भिंती आणि घरपण



या वसंत व्याख्यानमालेसाठी चालकांनी आम्हाला बोलाविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की आम्ही पगारवाढीवर, कराराच्या वाटाघाटींवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलू. आम्ही विषय कळविला तो घराचा. तेव्हा एका चालकांनी विचारले, "घरबांधणीवर बोलणार का?" आम्ही म्हटले, "बांधणीवर नव्हे. बांधून झाल्यानंतर जे करावयाचे राहते, त्यावर."

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. शाळा दहावीच्या आत सुटली आणि सोळाव्या वर्षी उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डिंगच्या कामाला लागलो. पुढे जे चार शब्द वाचले, ते १८५० सालापासून या गावात उभ्या असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांच्या कृपेने. मात्र युनियनच्या कामासाठी तीस वर्षे आम्ही कामगारांच्या घरी जात आहो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी. भाड्याची खोली, पत्र्याची खोली, हप्त्यावर घेतलेला फ्लॅट. इतक्या घरांत चहा घेतल्यानंतर माणसाला घराविषयी थोडे कळू लागते.

फौंड्रीत पॅटर्न एकच असतो. त्याच्यावरून शंभर साचे निघतात आणि शंभर कास्टिंग्ज ओतली जातात. पण साच्यातून निघालेला नग कोणी थेट इंजिनाला बसवीत नाही. त्याच्या कडा घासाव्या लागतात, चिकटलेली वाळू काढावी लागते, फेटलिंग होते, मग मशीनवर तो जागेच्या मापाला येतो. आज बिल्डर जे घर आपल्या हाती देतो, ते असे कच्चे कास्टिंग होय. पांढरा रंग, पांढरी फरशी, सरकत्या काचेची खिडकी, छतालगत एक ट्यूबलाइट, स्वयंपाकाचा ओटा. या मजल्यावरचे घर उचलून त्या मजल्यावर ठेवले, तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. आमची चूक एवढीच होते, की हा कच्चा नग आपण पुरा झालेला समजतो आणि त्यात जन्म काढतो.

येथे कोणी असे समजू नये, की आम्ही जुन्या घराचे गोडवे गाणार आहो. जुन्या घरात सोपा होता, माजघर होते, कोनाडे होते, परसू होते. पण त्याच घरात धूर होता, आषाढात गळती होती, आणि पाण्याच्या घागरी बायकांच्या कमरेवर होत्या. सिमेंटच्या घरात नळ आला, आतच संडास आला. ज्यांनी घागरी वाहिल्या नाहीत, त्यांनीच त्या दिवसांसाठी उसासे टाकावेत. तेव्हा सोय तर हवीच. प्रश्न असा, की सोयीबरोबर घरपण कसे येईल?

या प्रश्नाचा धडा आम्हाला आमच्या आईने दिला. पन्हाळा तालुक्यातल्या गावाहून तिला आम्ही आमच्या नव्या फ्लॅटवर आणले. दारात उभी राहून तिने पहिला प्रश्न केला, "आरं, उंबरा कुटं हाय ह्या घराला?" आम्ही हसलो. पण दोन दिवसांनी कामावरून परत आलो, तो आई जिन्यात बसलेली. तिसऱ्या दिवशी तेच. दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसायचे आणि जेवायला तेवढे आत यायचे. विचारले, तर म्हणाली, "आत दवाखान्यात बसल्यावानी वाटतंय, लेकरा. कवा नाव पुकारतील आन् उठाय लागंल, कुनाला ठावं!"

त्या वर्षी आम्ही एका कारखान्यातल्या घरभाडेभत्त्याच्या मागणीसाठी रोज गेटसभा घेत होतो. हजारो लोकांना घर मिळाले पाहिजे, असे ओरडून सांगत होतो. आणि आमची स्वतःची आई घर असून जिन्यात बसत होती. आम्ही तिला म्हणालो, "दिवाळीनंतर बघू." दिवाळी गेली. उंबरा बसवायचा तर दार खालून कापावे लागणार. नवे कोरे दार, अजून त्याचे हप्ते फिटायचे, ते कसे कापायचे? असे वर्ष गेले. शेवटी आमच्या पत्नीने आम्हाला न विचारता सुतार बोलाविला. गावच्या घराचा जुना सागवानी उंबरा भावाच्या गोठ्यात पडून होता. तो तिने एस. टी.च्या टपावरून आणविला. सुताराने तो मापाला कापला आणि दार दीड इंच कमी केले. आम्ही रात्री सभेहून आलो, तो अंधारात त्या उंबऱ्याला ठेच लागली. आतून आई म्हणाली, "जपून ये. घर हाय."

मग तिने जुनी लुगडी काढली आणि वाकळ शिवावयास घेतली. तोवर खोलीत बोललेला शब्द भिंतीवरून परत येई. वाकळ अंथरली, खिडकीला जाड पडदा आला, पुस्तकांची फळी भरली आणि तो घुमणारा आवाज बसला. कापड आणि कागद आवाज पिऊन घेतात, याचे शास्त्र आम्ही नंतर वाचले. आईने ते आधीच शिवून ठेवले होते.

बंधुभगिनींनो, ही हकीकत आमच्या हलगर्जीपणाची म्हणून सांगितली. पण ज्याचे घर स्वतःचे नाही, त्याचे काय? आमच्या एका फौंड्रीतल्या सोबत्याच्या खोलीवर आम्ही अनेक वर्षे जात होतो. भिंती कोऱ्या. दिनदर्शिका खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली. लग्नाचा फोटो कपाटावर टेकून ठेवलेला. आम्ही एकदा चेष्टा केली, "लेका, एक खिळा मार की!" तो म्हणाला, "खिळ्याला अनामत कापतात, साहेब." अकरा महिन्यांचा करार, तो दरवर्षी नवा करायचा, आणि मालकाच्या मनात आले तर खोली सोडायची. अशा चार खोल्या त्याने बदलल्या होत्या. त्याची मुलगी शाळेत चित्रकलेत पहिली येत असे. तिची चित्रे गुंडाळी करून ट्रंकेत ठेवलेली. त्या दिवसापासून आम्हाला वाटू लागले, की घरपण ही आवडीनिवडीची किंवा ऐपतीची बाब नाही. भिंतीत खिळा मारण्याची मुभा असणे, ही घराची पहिली पायरी आहे. ज्याला उद्या हाकलले जाईल, तो आज तुळस लावत नाही.

जगातही असेच दिसते. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ पेसाक येथे ल कॉर्बुझिए या थोर वास्तुकाराने १९२६ साली कामगारांसाठी सुमारे पन्नास घरे बांधली. सपाट छपरे, लांब आडव्या खिडक्या, उघड्या गच्च्या. नव्या युगाचे घर म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. राहणाऱ्यांनी काय केले? कोणी लांब खिडकी अर्धी बुजवली, कोणी उतरते छप्पर चढवले, कोणी मोकळी जागा बंद करून खोली काढली. पुष्कळांना वाटले, की अडाणी माणसांनी कलाकृती बिघडविली. आम्हाला वाटते, की त्यांनी कास्टिंगचे फेटलिंग केले.

आपल्या देशात बाळकृष्ण दोशी यांनी हे आधीच ओळखले. इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत १९८०च्या दशकात त्यांनी गरिबांना पुरे घर दिले नाही. भूखंड, जोते, संडास आणि पाण्याची सोय एवढेच दिले आणि वरचे काम कुटुंबावर सोपविले. ज्याला जसे पैसे मिळाले, तसे त्याने बांधले. कोणी पुढे ओटा काढला, कोणी बाहेरून जिना चढविला. त्या वसाहतीला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला.

आणि आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण सोलापूरजवळ कुंभारीचे. तेथे विडी वळणाऱ्या स्त्रियांनी लाल बावट्याच्या संघटनेतून वर्षानुवर्षे झगडून सहकारी घरे मिळविली. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या त्या वसाहतीतली दहा हजार घरे २००६ साली त्यांच्या हाती आली. पुढे तेथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर उभे राहू लागले आणि त्यातली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आली. आम्ही गोदूताई वसाहतीत गेलो, तेव्हा गल्ली एका साच्याची होती, पण दारे नव्हती. एक दार निळे, एक पोपटी. कोणी उंबऱ्यापुढे चार फरश्या टाकून ओटा केलेला. त्यावर मांडीत सूप घेऊन बाई विडी वळीत बसलेली, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पद्मशाली घरांच्या दारात तेलुगू पद्धतीची रांगोळी, तिला त्या मुग्गू म्हणतात. एका बाईला आम्ही विचारले, "घरात पहिले काय केले?" ती म्हणाली, "काय नाही दादा, नावाची पाटी लावली. माझ्या नावाची."

आता जे घर आपल्या हाती आहे, त्याचे काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. यात खर्चाचे फारसे काही नाही.

पहिली गोष्ट उजेडाची. पुष्कळ घरांत संध्याकाळी छताजवळची एकच पांढरी नळी पेटते. तिचा उजेड कारखान्याच्या शेडला ठीक आहे. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे पांढरट निळसर, २७०० म्हणजे पिवळा, कंदिलाच्या जवळचा. वाचावयास पांढरा ठेवा. जेवावयास आणि बोलावयास एक पिवळा दिवा खाली, डोळ्यांच्या पातळीवर लावा. माणसे आपोआप त्याच्याभोवती बसतात. पूर्वी ती चुलीभोवती बसत.

दुसरी गोष्ट उष्म्याची. सिमेंटच्या घरात एक ऊब न मागता मिळते. चैत्रातल्या रात्री स्लॅब देतो ती! मातीची दीड-दोन फुटी भिंत ऊन आत पोचू देईपर्यंत दिवस मावळून जाई. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी उन्हाळ्याआधी गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला, तर ऊन बरेचसे परत जाते. पश्चिमेच्या खिडकीवर गोकर्णाचा किंवा मधुमालतीचा वेल चढवा. तो सावली देतो आणि फुले देतो. आणि भिंतीला स्वतःचा चेहरा येतो.

तिसरी गोष्ट भिंतींची. चारही भिंती रंगविण्याची ऐपत नसेल, तर एकच रंगवा. गेरूचा, हळदीचा, निळीचा रंग आपल्या डोळ्यांच्या ओळखीचा आहे. बाजारातले छापील निसर्गचित्र आणण्यापेक्षा मुलीचे चित्र लावा, आजोबांचा फोटो लावा, आपल्या हातचे पहिले कास्टिंग असेल तर ते घासून फळीवर ठेवा. कुंभाराकडून एक माठ, एक कुंडी आणा. घरात येणाऱ्याला कळले पाहिजे, की येथे कोण राहते आणि ते काय काम करते. आम्ही कामाची लाज घरात घेऊन येतो आणि भिंतीवर परक्याचे डोंगर टांगतो.

चौथी गोष्ट बसण्याची. सोप्याची जागा कट्ट्याने घ्यावी. गॅलरी असेल, तर तीत अडगळ भरू नका. एक फळकूट टाका. जिन्याच्या तोंडाशी चार जण मिळून एक बाक ठेवा. बंद दारामागचे घर कितीही सजविले, तरी शेजारी आल्याशिवाय त्याला घरपण येत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गावात शिरली, तेव्हा आम्ही बोटीवर मदतीस होतो. पाण्यातून निघताना माणसे हातात काय घेतात, ते तेव्हा पाहिले. कागदपत्रे, देव, फोटो; एका म्हातारीने तुळशीची कुंडी सोडली नाही. दूरचित्रवाणीचा संच घेऊन कोणी बोटीत चढले नाही. आणि त्या रात्री त्यांना ठाव दिला तो ओळखीच्या दारांनी.

पण या सगळ्याला एक वस्तू लागते, ती दुकानात मिळत नाही. ती म्हणजे वेळ. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी जाहीर झाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. त्याआधी त्या कामगाराला घर होते का? झोपावयाची जागा होती. आजही दोन पाळ्यांचा ओव्हरटाइम करून हप्ते फेडणारा आमचा तरुण घरी येतो तो झोपावयास. त्याने वेल कधी लावावा? बायकोही कामावर जाते; तिने वाकळ कधी शिवावी? म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगतो, की मागणीपत्रात घरभाडेभत्ता लिहिताना कामाचे तासही लिहा. आणि खोली भाड्याने देणारे सद्गृहस्थ या सभेत असतील, तर त्यांना हात जोडून विनंती, की करार अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करा आणि खिळ्याची अनामत कापू नका. घरे बांधणाऱ्यांना विनंती, की दाराला उंबरा आणि भिंतीत एक कोनाडा ठेवा; एवढ्याने आपले दिवाळे निघणार नाही.

आमची आई त्या घरात पुढे सहा वर्षे राहिली. ती पुन्हा जिन्यात बसली नाही. आज उंबऱ्याची मधली बाजू झिजली आहे आणि येणाऱ्या पाहुण्याला अजून ठेच लागते. आतून कोणी ना कोणी म्हणते, "जपून या."