विषय आपला, उत्तरही आपले
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव मेळाव्यात पळसदेव येथे केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. तेव्हा डिजिटल डिझाईन या विषयावर बोलण्याचा याला अधिकार काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. परंतु माझ्या थोरल्या भावाच्या मुलीने पुण्यातील एका विद्यापीठात या विषयाची पदवी घेतली आणि तिच्या अखेरच्या सत्रातला निम्मा अभ्यास माझ्याच टेबलासमोर बसून झाला. त्या दिवसांत ती काय शिकली हे तिच्या गुणपत्रिकेत आहे. मी काय शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

डिजिटल डिझाईन म्हणजे संगणकावर चित्रे काढणे, असे मला वाटत होते. तसे ते नाही. मोबाईलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे, अक्षर केवढे असावे, माणूस चुकला तर त्याला मागे कसे येता यावे, हे विचार करून ठरवणे म्हणजे हे काम. या शिक्षणात अखेरच्या सत्रात एक मोठा प्रकल्प असतो. त्यात शिक्षक प्रश्न देत नाहीत. प्रश्न विद्यार्थ्यानेच शोधायचा, त्याचा प्रस्ताव लिहायचा, वेळापत्रक स्वतः आखायचे, मार्गदर्शकाला वेळोवेळी काम दाखवायचे आणि शेवटी परीक्षकांपुढे उभे राहून आपण काय केले व का केले हे सांगायचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, जी 1961 साली स्थापन झाली, याला पूर्वी डिप्लोमा प्रोजेक्ट म्हणत असत.

मित्रहो, आपल्या मुलांना हे फार जड जाते. कारण बारावीपर्यंत आपण 'अपेक्षित' प्रश्नसंच पाठ करून येतो. प्रश्न दुसऱ्याचा आणि उत्तरही दुसऱ्याचे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. माझी पुतणी पहिले तीन आठवडे नुसती रडत होती. वर्गातल्या इतरांचे विषय ठरले होते. कोणी कपड्यांच्या दुकानाचे अॅप घेतले होते, कोणी हॉटेलचे. ती घरी आली तेव्हा मीही तेच सांगितले, "एखाद्या कंपनीला उपयोगी पडेल असे काहीतरी कर, म्हणजे नोकरी लागेल." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, मी तुमच्या शाखेत दोन दिवस बसू का?" साहेबांची परवानगी काढली आणि ती ग्राहकांच्या बाकावर वही घेऊन बसली.

आमच्या शाखेत महिन्याच्या ठराविक दिवसांत निराधार योजनेच्या पैशांसाठी म्हाताऱ्या बायकांची रांग लागते. पैसे काढण्याची स्लिप त्यांना भरता येत नाही. ती मी भरून देतो, त्या अंगठा करतात, पैसे घेतात आणि जातात. हे काम मी वर्षानुवर्षे आपुलकीने करीत आलो आहे, असा माझा समज होता. पुतणीने बाहेर पडणाऱ्या एका आजींना विचारले, "आजी, कशावर अंगठा केलात?" आजी म्हणाल्या, "मला काय ठावं बाय? सायबाला ठावं."

संध्याकाळी तिने ते वाक्य मला वहीतून वाचून दाखवले. माझ्या घशाखाली घास उतरेना. कारण हेच वाक्य मी लहानपणी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकले होते. उजनी धरणाचे काम 1969 साली सुरू झाले आणि 1980 साली पूर्ण झाले. आपले जुने पळसदेव पाण्याखाली गेले. आज उजनीचे पाणी खाली उतरले की पळसनाथाचे जुने देऊळ वर येते आणि लांबून लोक फोटो काढायला येतात. आपल्याला मात्र तेथे आपल्या आज्या-पणज्यांची घरे दिसतात. त्या वेळी आजोबांनी कोणकोणत्या कागदांवर अंगठे केले, असे मी वडिलांना विचारले होते. वडील म्हणाले होते, "त्यांना काय ठावं? सायबाला ठावं." त्या वाक्यातला साहेब आता मी झालो होतो.

पुतणीचा विषय त्या रात्री ठरला. ज्या बाईला वाचता येत नाही तिला आपल्या खात्यातून पैसे जात आहेत की खात्यात येत आहेत, हे मोबाईलच्या पडद्यावर कसे कळावे, एवढाच तिचा प्रश्न होता. प्रश्न लहान दिसतो, पण विचार करा. यू.पी.आय. 2016 साली सुरू झाले. त्याच वर्षी 30 डिसेंबरला भीम अॅप आले. आज भाजीवालीच्या पाटीवरही तो चौकोनी कोड असतो. या व्यवहारात पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन लागत नाही. फसवणारा नेमका येथेच फसवतो, "तुमचे पैसे आले आहेत, पिन दाबा" म्हणतो. ज्याला पडद्यावरचे वाचता येते तो थांबतो. ज्याला येत नाही तो पिन दाबतो.

तिने आधी संगणकाला हात लावला नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर पडदे काढले आणि आपल्या वस्तीतल्या नऊ बायकांपुढे ठेवले. पहिल्या दिवशी एकीलाही जमले नाही. मागे जाण्यासाठी काढलेला बाण त्यांना 'पुढे चला' असा वाटला. बरोबरची खूण त्यांना मास्तरांनी वहीत केलेली रेघ वाटली. मग तिच्या ध्यानात आले की या बायका नोट मात्र अचूक ओळखतात, ती रंगावरून. दहाची तपकिरी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची पिवळी आणि पाचशेची करडी. तिने पडद्यावर नोटांची चित्रे घातली. येथे मात्र माझा कारकुनी अनुभव कामी आला. नोटेसारखे दिसणारे चित्र छापणे कायद्याने गैर आहे, हे मी तिला सांगितले. मग तिने नोटेऐवजी त्या-त्या रंगाच्या साध्या पट्ट्या केल्या. पाचशेच्या नोटेच्या कडांना पाच उठावदार रेघा असतात आणि शंभरच्या नोटेला चार. अंध माणसाला बोटाने नोट कळावी म्हणून त्या असतात. एवढी वर्षे नोटा मोजूनही मी त्या रेघांचा असा विचार केला नव्हता. कोणा डिझाईन करणाऱ्याने तो केला होता.

पुढे तिने आवाज घातला. पुस्तकी मराठी बायकांना परकी वाटली, म्हणून आपल्या इंदापूरकडची बोली घेतली. पिन मागण्याआधी पट्ट्या बटव्यातून बाहेर जाताना दिसतात आणि फोन बोलतो, "तुमचं पाचशे रुपये जात्याल. द्यायचं का?" खाली एकच मोठे तांबडे बटण, थांबायचे. सहाव्या फेरीत बहुतेक बायका योग्य जागी थांबल्या. दोघींना शेवटपर्यंत जमले नाही. तेही तिने अहवालात लिहिले. परीक्षकांनी तिला सर्वात जास्त प्रश्न त्या दोघींविषयीच विचारले. तिचा पहिला क्रमांक आला नाही. तिचे काम अजून कोणत्या बँकेने घेतलेले नाही. पण ते काम तिचे स्वतःचे आहे.

मित्रहो, स्वतः निवडलेल्या अभ्यासाची किंमत सांगण्यासाठी मी दोन उदाहरणे देतो. दोन्ही रुपयाचीच आहेत. केंद्र सरकारने 2009 साली रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक चिन्हे आली, त्यांतून पाच निवडली गेली आणि 15 जुलै 2010 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उदयकुमार यांचे चिन्ह मान्य केले. ते तेव्हा मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक डिझाईन केंद्रात पीएच.डी. करीत होते आणि त्यांच्या संशोधनाचा विषय होता आपल्या मातृभाषेची, म्हणजे तमिळची, अक्षरे. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ त्यांनी एका चिन्हात घातला. अक्षरांवर इतकी मेहनत घेतलेल्या माणसाच्या हातून हे झाले, यात मला नवल वाटत नाही. आज ते चिन्ह माझ्या प्रत्येक व्हाऊचरवर असते.

दुसरे उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांनी डी.एस्सी.साठी विषय घेतला तो रुपयाचाच. 1922 मध्ये प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि 1923 मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी तो लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. पुन्हा लिहावे लागणे यात कमीपणा नाही, हे ध्यानात ठेवा. माझ्या पुतणीने सहा वेळा लिहिले.

आता व्यवहाराचे बोलतो. ज्यांना या शिक्षणाकडे जायचे आहे त्यांनी बारावीतच चौकशी करावी. आय.आय.टी.च्या बी.डेस.साठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते. राष्ट्रीय डिझाईन संस्थेची परीक्षा वेगळी असते. राज्यातील उपयोजित कलेच्या पदवीसाठी वेगळी सी.ई.टी. असते. फी ऐकून पालकांनी आधीच नाही म्हणू नये. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरावा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज आधीपासून मोजले जाते, हे विचारून घ्यावे. अर्ज वाचून मगच सही करावी. समजले नाही तर मला विचारावे, मी बसून समजावून देईन.

आणि विषय निवडायची वेळ आली की घाबरू नका. गावाकडे या, बाकावर बसा, वही उघडा. जे आपल्या माणसांना अडते ते तुमच्याइतके जवळून दुसऱ्या कोणाला दिसणार नाही.

शेवटी एकच. त्या दिवसापासून मी स्लिप भरली की ती आधी मोठ्याने वाचतो, "आजी, एवढी रक्कम काढताय, एवढी शिल्लक राहील," आणि मगच शाईचा पॅड पुढे करतो. रांग थोडी लांबते. मागचे लोक कुरकुरतात. परवा त्याच आजी म्हणाल्या, "सायेब, आज मी सांगते, तुम्ही ऐका." आणि त्यांनी आपली शिल्लक मला बरोबर सांगितली.