'सांगून सोड'



मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव बदल्या भोगलेला एक साधा पदवीधर आहे. बंगळूरला आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी माझी धाकटी कन्या आईला म्हणाली, "बाबांना खरे ते सांगून सोड." मी तत्काळ दुरुस्ती केली, "सांगून टाक म्हणावे." शेजारच्या मुलींच्या 'हेळिबिडु'चे ते शब्दशः रूप होते, हेळि म्हणजे सांगून आणि बिडु म्हणजे सोड. आपली भाषा मुलांच्या तोंडी बिघडत चालली, या विचाराने त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पुढे ध्यानात आले की, 'भंडावून सोडले', 'हैराण करून सोडले' असे आपणही सर्रास म्हणतो. तेथे कोणी कोणाला सोडत नाही, उलट पिच्छाच पुरवतो! 'सांगून टाक'मध्ये तरी काय टाकायचे असते? दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ विरतो आणि क्रिया पुरी झाल्याची, क्वचित त्राग्याची, छटा तेवढी उरते. यालाच आपण संयुक्त क्रियापद म्हणतो.

त्यातील 'ऊन' अस्सल घरचे. महाराष्ट्री प्राकृतात 'काऊण' म्हणजे करून. हालाच्या गाथासप्तशतीची भाषा ती हीच. हिंदीने अशा जोडणीत नुसता धातू ठेवला: 'लिख लो', 'लिख दो'. मराठी मात्र 'लिहून घे', 'लिहून दे' म्हणते आणि कानडीही 'बरेदुको', 'बरेदुकोडु'. 'करून बघ' तर 'माडि नोडु'चा जुळा भाऊच! शब्द आपले, पण बांधणी शेजारणीच्या अंगणात बसून केल्यासारखी. निराळ्या कुळांतल्या भाषाही सहवासाने एकमेकींचे वळण उचलतात, हे अमेरिकेतील पंडित एमेनो यांनी १९५६ साली भारताच्या संदर्भात मांडले होते. आपल्या घरांत ते रोजच घडते आहे.

मग 'सांगून सोड' चालेल काय? माझ्या मते नाही. मराठीतले हे 'सोडणे' एखाद्याला कोणत्या तरी अवस्थेला नेऊन पोहोचवते. सांगण्याशी त्याचे जमत नाही. म्हणून मी अजूनही दुरुस्ती करतो. 'बिघडली' हा शब्द मात्र मागे घेतला आहे.

हे सारे कन्येला समजावून सांगितले. तिने निमूट ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मला अगदी भंडावून सोडलेत."

वाक्यात चूक काढायला जागा नव्हती.